बिनतोंडाची कणगी

लाडकीला उघडी भिंत बघवत नसे. कुडाच्या काड्या दिसल्या, मातीचा पोपडा सुटलेला दिसला, की तिचे हात शिवशिवायला लागत. नातेवाइकांकडे लग्नाला गेली तरी मांडवात बसण्याआधी ती त्यांच्या ओटीची कड चाचपून बघे. एकदा तर दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघता बघता तिनं बाकामागच्या भिंतीचा सुटलेला रंग नखानं काढून टाकला आणि खालची जागा पदरानं पुसून लख्ख केली. नर्सबाई ओरडल्या, तर हिचं म्हणणं, मोडलं थोडंच आहे, साफच केलंय. नवरा सुदाम ही गोष्ट पाड्यातल्या प्रत्येकाला रंगवून सांगायचा, आणि दर वेळी त्यातली भिंत थोडी मोठी व्हायची.

तर अशा बाईच्या अंगणात, भात झोडून झाल्यावरच्या दिवसांत, एक उघडा गोळा ठेवायचा नसतो. पण हे प्रगतीला सुचलं नाही. शिकलेल्या माणसांना पुष्कळ गोष्टी सुचतात, त्यात आपल्या आईची खोड तेवढी राहून जाते.

प्रगती ही सुदाम आणि लाडकीची एकुलती एक पोर. तलासरीच्या पूर्वेला डोंगराच्या अंगाला असलेल्या पाड्यातून ती आधी आश्रमशाळेत गेली, मग डहाणूला, मग पुण्याला, आणि जंतूंच्या अभ्यासात डॉक्टर होऊन परत आली. सुई टोचणारी डॉक्टर नव्हे, हे लाडकीनं पाड्यात इतक्यांना समजावलं होतं की आता ती स्वतःच कंटाळली होती. हैदराबादच्या एका कंपनीत प्रगतीसाठी नोकरी तयार होती. पण डहाणूच्या एका कॉलेजात शिकवायची जागा निघाली आणि पोरीनं ठरवलं, मिळाली तर हीच. कॉलेजवाल्यांनी कळवलं होतं की पोरांपुढे एक धडा घेऊन दाखवा, समजावण्यासाठी काही वस्तू आणायची असेल तर आणा. धड्याला मुंबईच्या एक मोठ्या बाई परीक्षक म्हणून बसणार होत्या. धडा चांगला झाला तर पोर डहाणूत, म्हणजे रोज संध्याकाळी घरात. नाही झाला तर हैदराबाद, म्हणजे होळीला आणि दिवाळीला.

लाडकी या बाबतीत तोंडानं काही बोलली नव्हती. पोरीच्या पायात आपली ओढ बांधायची नाही असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण रोज चूल पेटवताना ती डहाणूच्या दिशेनं एकदा बघून घ्यायची.

प्रगतीला हवा होता एक गोळा, बांबूचा विणलेला. कशाचा, ते तिनं ओटीवर बसून आईबापाला सांगितलं. पावसात भाताच्या खाचरात पाणी साचून राहिलं की वर हिरवी साय धरते, ती जंतूंची असते. एकेक जंतू इतका बारीक की डोळ्यांना दिसायचा नाही. आणि त्या जंतूच्या पोटात आणखी बारीक खोल्या असतात.

"आये, तू समज की जंतूच्या पोटात कणग्या ठेवल्यात," ती म्हणाली. "आपल्या भाताच्या असतात तशा."

लाडकीला हे एकदम पटलं. ज्याला पोट आहे त्याला कणगी लागणारच.

मग प्रगतीनं सांगितलं की या कणगीत धान्य नसतं, कामकरी असतात. त्यांचं नाव रुबिस्को. लाडकीला ते एखाद्या बिस्किटाचं नाव वाटलं. हा रुबिस्को कर्बवायू धरतो आणि त्याची साखर करायच्या कामाला लागतो. झाडं-पानं सगळी त्याच्याच जिवावर उभी. मात्र कामाला भारी मंद, आणि वेंधळा. समोर प्राणवायू आला तर तोच धरून बसतो आणि केलेलं काम वाया घालवतो. म्हणून जंतूनं त्याला कणगीत कोंडलं, आणि त्याच्याभोवती कर्बवायूचीच दाटी केली. खायच्या सोड्यात असतो तशा रूपात कर्बवायू भिंतीतून आत शिरतो, आत गेला की त्याचा पुन्हा वायू होतो, आणि मग त्याला सहज बाहेर पडता येत नाही. समोर दुसरं काही नसलं की वेंधळाही नीट काम करतो. हे ऐकताना लाडकीनं सुदामकडे पाहिलं. सुदाम कामट्या तासत होता, त्यानं वर पाहिलं नाही.

भिंत कशाची, तर डाळीत नि अंड्यात असतं त्या प्रोटीनची. सहा कोनांच्या लाद्या एकीला एक लागून बसलेल्या. पण नुसत्या सहा कोनांच्या लाद्या जोडत गेलं तर चटई होते, गोळा होत नाही. गोळा वळवायचा तर अधूनमधून पाच कोनांची लादी बसवावी लागते. अशा बरोबर बारा, बारा टोकांना.

कोंबड्या झाकायच्या डालग्याची वीण सहा कोनांचीच असते, त्यामुळे सुदामला वाटलं, हे काय, सकाळी बसलो तर दुपारी उठेन. पहिल्या खेपेला त्यानं पाच कोन घालायचा कंटाळा केला आणि दुपारी अंगणात जे तयार झालं ते लांबच लांब दुधीसारखं दिसत होतं. दोन्ही तोंडं उघडी. प्रगती हसून हसून ओटीवर आडवी झाली. म्हणाली, बाबा, जंतूचं अगदी असंच होतं; त्याची पाच कोनांची लादी आम्ही काढून घेतली की त्याच्याही खोल्या अशाच लांबतात, मिटतच नाहीत. सुदामला जंतूशी केलेली बरोबरी फारशी आवडली नाही. त्यानं दुधी मोडून चुलीपाशी टाकला आणि दुसऱ्या दिवशी पोरीला शेजारी बसवून, एकेक कोन तिच्याकडून मोजून घेत, गोळा वळला. चांगला कवेत जेमतेम मावेल एवढा झाला. मिटवायच्या आधी प्रगतीनं आत मूठ मूठ सागरगोटे टाकले. हे रुबिस्को, ती म्हणाली.

पण सुदामच्या विणीची भोकं सागरगोट्यांहून मोठी. गोळा जरा हलवला की टपकन एक बाहेर, पुन्हा हलवला की दोन. संध्याकाळपर्यंत निम्मे अंगणात लोळत होते आणि कोंबड्या त्यांना चोची मारून बघत होत्या. प्रगतीनं थोडा वेळ ते वेचून आत टाकले, मग सोडून दिलं. राहू दे, भोकं दिसली म्हणजे झालं, बाकीचं मी तोंडी सांगेन, असं ती म्हणाली. त्या वेळी त्या बोलण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तिचंही नव्हतं.

धड्याच्या आदल्या दिवशी प्रगती सकाळीच वाणगावला गेली. तिथं तिची मैत्रीण शितल राहायची, तिच्या घरी प्रिंटर होता आणि धडा एकदा म्हणून बघायला दोन कान होते. सुदाम बाजाराला गेला. घरात लाडकी एकटी, आणि अंगणात ओळीनं नव्या कणग्या. शेण, माती आणि भाताचं तूस कालवून तिनं घमेलं भरलं आणि सारवायला बसली. पहिली झाली, दुसरी झाली. तिसरीच्या जागी गोळा होता.

घमेल्यात काला शिल्लक होता. उन्हात पडला तर वाळून वाया जाणार.

लाडकी काही आंधळेपणानं वागली नाही, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. तिनं विचार केला. पोरगी स्वतःच म्हणाली, ही कणगी आहे. ही कणगी उद्या डहाणूला जाणार, मोठमोठी माणसं तिच्याभोवती उभी राहणार, हात लावून बघणार. आणि बिनसारवलेली कणगी दाराबाहेर काढणं म्हणजे अर्धं लुगडं नेसून बाजारात जाणं. लोक म्हणतील, बापानं विणून दिली, या पोरीला आई नव्हती का. पोरीच्या एवढ्या वर्षांच्या शिक्षणात लाडकीला हात लावता येईल अशी एक वस्तू पहिल्यांदाच तिच्या अंगणात आली होती. तिचे हात शिवशिवले ते नुसत्या खोडीनं नव्हे.

शेजारची नवशी पाण्याला जाताना थांबली. म्हणाली, याला तोंड कुठं हाय गो? लाडकीनं गोळा फिरवून पाहिला. तोंड नव्हतं खरं. भात घालणार कुठून नि काढणार कुठून? पण जंतूंची रीत वेगळी असेल म्हणून तिनं तो विचार बाजूला सारला. कोंबड्यांच्या पायांतले सागरगोटे वेचले, पोरीचं काही हरवायला नको म्हणून भोकांतून एकेक करून सगळे आत टाकले, आणि पातळ हातानं, बोटांच्या पेरांनी, गोळा सारवून काढला. असा बेताचा थर दिला की खालच्या कामट्या अंगावरच्या शिरांसारख्या वर दिसत राहिल्या. तिच्या हातून आजवर झालेलं सगळ्यात सुबक काम होतं ते.

उन्हं कलल्यावर प्रगती आली. अंगणात पाय टाकला आणि तिथंच उभी राहिली.

"आये, भोकं कुठं गेली?"

"बुजवली," लाडकी म्हणाली. तिला शाबासकीची अपेक्षा होती. "एक भेग ठेवली नाय बघ."

प्रगती ओटीच्या पायरीवर बसली. रागावली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर लाडकीला सोपं गेलं असतं. तिनं नुसतं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि थोड्या वेळानं हातांच्या आडून म्हणाली, "तीच तर दाखवायची होती. भिंतीला भोकं असतात, त्यातनं निवडून आतबाहेर होतं, हाच माझा सगळा धडा होता." मग तिचे खांदे हलायला लागले.

लाडकीच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी मोठी पोर, परगावी एकटी राहिलेली, कधी डोळ्यांतून टिपूस न काढलेली, आणि ती आपल्यामुळे रडते आहे. काय करावं ते तिला कळेना. शेणाचे हात पोरीच्या पाठीवर ठेवायचीही सोय नव्हती.

तेवढ्यात सुदाम बाजारातून आला. आधी गोळा पाहिला, मग पोरीला, मग बायकोला, आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं. त्याच्या दोन दिवसांच्या विणकामावर शेण बसलं होतं, त्यामुळे त्याचा तोल सुटला असं म्हणता येईल. पण जे बोलला ते त्याला पुढं बरेच दिवस आठवत राहिलं असणार.

"तूच धाडलीस तिला हैदराबादला," तो म्हणाला.

लाडकीनं गोळा उचलला आणि छातीशी धरून हातपंपाकडे चालू लागली. दिवस मावळायला अजून वेळ होता. धुऊन काढीन, भोक न् भोक मोकळं करीन, कामट्या पुसून चुलीच्या उबेला ठेवीन, असं ती स्वतःशीच म्हणत होती, आणि आतून तिला ठाऊक होतं की हे होण्यासारखं नाही. तुसाचा काला एकदा विणीत बसला की पाण्यानं फक्त चिखल होतो, नि भिजलेल्या कामट्या रात्रीत सैल पडतात. उद्या पोर काय घेऊन उभी राहील? वास मारणारा, डाग पडलेला, लोंबणारा गोळा. तरीही तिनं पंप हापसला. काहीच न करता बसणं तिला जमणारं नव्हतं.

एका कोनावर तिनं पाणी धरलं आणि बोटानं काला खरवडला. हिरवट पाणी पायांवर आलं. घासता घासता एक भोक मोकळं झालं. तिला वाटलं, होतंय, एक झालं म्हणजे बाकीचीही होतील. मग दुसऱ्या कोनाला पाणी लावायला तिनं गोळा फिरवला, आणि त्या धुतलेल्या भोकातून टपकन एक सागरगोटा खाली पडला.

मागून प्रगती आली होती. आई एकटी एवढं ओझं घेऊन गेली म्हणून उठून आलेली, डोळे लाल, नाक वाहणारं. तिनं खाली पडलेला सागरगोटा पाहिला.

"आत हायेत?" तिनं विचारलं.

"तुझेच," लाडकी ओशाळून म्हणाली. "अंगणात पडले होते ते घातले परत. थांब, सगळे काढून देते."

प्रगतीनं तिचा हात धरला. मग गोळा आपल्याकडे घेतला, धुतलेलं भोक तळव्यानं झाकलं आणि गोळा हलवला. आत खडखडाट झाला. सगळे सागरगोटे एकमेकांवर आपटले, भिंतीवर आपटले, बाहेर मात्र एक आला नाही. तिनं पुन्हा हलवला. पुन्हा तेच. लाडकीला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. कारण रडून सुजलेल्या त्या तोंडावर आता हसू येत होतं, आणि ते येतच राहिलं.

प्रगती तिथंच ओल्या दगडावर बसली आणि भराभरा बोलायला लागली. काल निम्मे रुबिस्को अंगणात सांडले आणि तिनं तोंडी सांगेन म्हणून सोडून दिलं. ज्या खोलीतून कामकरीच गळून पडतात तिला खोली कोण म्हणेल? सहा कामट्यांच्या मधली मोकळी जागा ती भोक म्हणून दाखवणार होती, आणि खरं तर ती जागा म्हणजे भोक नव्हेच. ती जागा म्हणजे लादी. भरीव, शेजारणीला घट्ट चिकटलेली. भोक असतं ते त्या लादीच्या ऐन मधोमध, अगदी बारीक. पुण्यात तिनं याच भिंतीची चित्रं वर्षानुवर्षं पाहिली होती. पण डालग्याची वीण सहा कोनांची, लादीही सहा कोनांची, या जुळण्यानं ती इतकी खूश झाली की पुढं बघायचं राहूनच गेलं.

"चूक माझी होती, आये," ती म्हणाली. "तू सारवलंस म्हणून तर दिसली."

लाडकीला यातलं निम्मं कळलं. पण पोर रडत नव्हती, एवढं पुरेसं होतं. तीही दगडावर बसली.

"मग आता धुवायचं नाय?"

"आता घरी चल. आणि दाभण कुठं हाय ते सांग."

मग घरात एकच धांदल उडाली. धुतलेल्या जागी लाडकीनं उरलेला काला पुन्हा भरला, या खेपेला पोरीच्या सांगण्यावरून, आणि ते तिला फार आवडलं. सुदामनं दाभण शोधून आणलं. थर अजून पुरता सुकला नव्हता, त्यामुळे बोटाच्या दाबानं टोक आत जात होतं. कामट्यांच्या शिरा दिसतच होत्या. सहा शिरांच्या मधोमध एक टोचा, पुढची लादी, पुन्हा एक टोचा. टोचताना आपला काला ढासळू नये म्हणून लाडकी दुसऱ्या बाजूनं तळवा धरून बसली. पाच कोनांच्या बारा लाद्या सोडून द्यायच्या, असं प्रगतीनं बजावलं. त्यांच्यातूनही काही ये-जा होते का, याबद्दल जाणत्यांचंच अजून नक्की होत नाही. सुदाम त्यातल्या एकीवर दाभण घेऊन चालला होता, त्याला दोघींनी एकाच वेळी अडवलं. जेवणं व्हायच्या आत काम संपलं. भाकरी खाताना सुदामनं मोठा तुकडा मोडून बायकोच्या ताटात टाकला.

सकाळच्या उन्हात गोळा खडखडीत वाळला. दिपकचा टेम्पो चिकूच्या रिकाम्या पेट्या घेऊन डहाणूला जायचा, त्यात गोळा मधोमध बसला आणि त्याला सांभाळायला लाडकी नि सुदाम दोन बाजूंना. दिपकनं विचारलं, देव हाय का? सुदाम म्हणाला, जंतू हाय. त्यावर दिपकनं वाटेत दुसरं काही विचारलं नाही.

कॉलेजात शिरल्यावर लाडकीला नवी धास्ती बसली. ती म्हणजे वासाची. वाळलेल्या शेणाला तिच्या मते वास नसतो, उलट घराला एक निर्मळपणा येतो. पण इथल्या चकचकीत फरशीवर तो आपल्यालाच येतोय असं तिला वाटायला लागलं. प्रगतीनं आत बसायला सांगितलं तरी ती गेली नाही. व्हरांड्यात खिडकीखालच्या बाकावर बसली. पदराच्या गाठीत कालचा तो पडलेला सागरगोटा होता. गडबडीत तो बाहेरच राहिला होता, आणि भिंत बुजल्यावर त्याला आत घालायला वाट नव्हती. ती गाठ मुठीत धरून लाडकी ऐकत राहिली.

आधी पोरांची कुजबुज, मग हसणं. शेणाचा गोळा म्हटल्यावर हसणारच. मग प्रगतीचा आवाज, वर्गात शिकवायचा, लाडकीनं कधी न ऐकलेला. खाचरातल्या हिरव्या सायीपासून तिनं सुरुवात केली, आणि पोरं हळूहळू गप्प झाली, कारण ती साय त्यांच्यातल्या निम्म्यांच्या बांधावर होती. लाद्या झाल्या, बारा टोकं झाली, बापाचा दुधीही झाला. तेव्हा लाडकीला हसू आलं नि शेजारी सुदामनं खाकरल्यासारखं केलं.

मग एक जाड, संथ आवाज आला. त्या मुंबईच्या बाई. त्यांनी विचारलं, "पुस्तकांतली बरीचशी मॉडेलं जाळीसारखी उघडी असतात. तुमचं एवढं बंद का?"

लाडकीला वाटलं, झालं. हेच विचारणार होते. तिनं डोळे मिटून घेतले, आणि आतून खडखडाट ऐकू आला. प्रगतीनं गोळा उचलून हलवला होता. जोरात, पुन्हा पुन्हा, शेवटच्या बाकापर्यंत जावा असा. मग ती म्हणाली,

"मॅडम, काल दुपारपर्यंत हेही उघडंच होतं. मी ते तसंच आणणार होते. मी आईला सांगितलं होतं की ही कणगी आहे, म्हणून मी घरी नसताना तिनं ती सारवली. मी रडले. मग आतले गोटे बाहेर पडेनात, तेव्हा माझ्या लक्षात आलं की उघड्या जाळीत मी काहीच कोंडलेलं नव्हतं. भिंत आधी भिंत असावी लागते. भोकं मी नंतर पाडली, दाभणानं. जवळून बघा, प्रत्येक लादीच्या मधोमध एक आहे."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाई उठून गोळ्याजवळ वाकून बघत असणार.

"बारीक असलं तरी भोक ते भोकच, मग आतला वायू त्यातनं बाहेर का पळत नाही?" त्यांनी विचारलं, पण आता आवाज वेगळा होता. पारखून बघणारा नव्हे, पुढं ऐकायची हौस असलेला. आणि प्रगती सांगायला लागली.

लाडकीनं सुदामकडे पाहिलं. सुदाम समोरच्या अशोकाच्या झाडाकडे बघत होता.

"तूच ठेवलीस घरी," तो झाडाकडे बघतच म्हणाला.

बराच वेळ गेला. आणखी दोघांचे धडे झाले. त्यांच्या पाट्या, तक्ते, पडद्यावरची चित्रं आत गेली नि बाहेर आली. शिपायानं चहा आणून दिला तो लाडकीच्या हातात तसाच निवला. मग प्राचार्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि प्रगती बाहेर आली. ती धावत आली नाही, सावकाश आली, आणि तिच्या चालीवरूनच लाडकीला कळलं. कागद नंतर येईल, प्रगती म्हणाली, पण सोमवारपासून यायला सांगितलंय. आणि गोळा इथंच ठेवून घेतो म्हणतात, प्रयोगशाळेत.

लाडकीचा जीव भांड्यात पडला. कालपासून छातीत धरून ठेवलेला श्वास एकदम सुटला आणि त्याच्यामागून रडू आलं. तिनं ते येऊ दिलं. आता अडवायचं कारण नव्हतं. सुदाम उगाच दिपकला फोन लावायला लांब गेला.

गोळा प्रयोगशाळेत ठेवायला तिघं गेली. काचेच्या बाटल्यांच्या रांगेत तो आपला बेंगरूळ बसला, पाड्यातला पाहुणा वाटेल असा. लाडकीनं गाठ सोडून सागरगोटा प्रगतीच्या हातात दिला. म्हणाली, तुझा एक बाहेरच राहिला. प्रगतीनं तो बघितला आणि परत आईच्या गाठीत बांधला.

निघताना लाडकी दारापाशी रेंगाळली. खिडकीच्या खाली, पाण्याच्या नळाशेजारी, भिंतीचा हातभर पोपडा सुटला होता आणि आतली वीट दिसत होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं. हात आपोआप पुढं गेला, नख कडेखाली शिरलंही. प्रगतीनं येऊन तो हात धरला.

"आये, सोमवारपासून मी इथंच हाय. ही भिंत मी सांगून करून घेईन."

लाडकीनं त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं.